अग्नी किंवा माती देण्याआधी : कोल्हापुरात अंत्यविधीचे कायदेशीर टप्पे

शिक्षण, नोकरी किंवा उपचार यांच्या निमित्ताने कोल्हापुरात नव्याने आलेल्या कुटुंबात मृत्यू घडतो, तेव्हा तिरडीचे सामान कोठे मिळते हे शेजारी सांगतात. परंतु कोणता कागद कोणाकडून आणि कोणत्या क्रमाने घ्यायचा, हे सांगणारा माणूस ऐनवेळी भेटतोच असे नाही. हा लेख त्या क्रमासाठी आहे. विधी कोणते करावेत, अग्नी मुलाने द्यावा की मुलीने, दहन करावे की दफन, यांत कायदा जवळजवळ लक्ष घालत नाही. त्याला तीनच प्रश्नांची उत्तरे हवी असतात : मृत्यू कशाने झाला, अंत्यसंस्कार कोणत्या जागी होत आहेत आणि मृत्यूची सरकारी दफ्तरी नोंद झाली का. यांपैकी पहिल्या प्रश्नाचे उत्तर चिता पेटण्यापूर्वीच मिळालेले असावे लागते, कारण दहनानंतर तपासण्यासारखे काही उरत नाही. पुढे येणारे बहुतेक नियम याच एका कारणाने घातलेले आहेत, हे ध्यानात ठेवले म्हणजे ते जाचक वाटत नाहीत.

संपूर्ण देशाला लागू असा एकच अंत्यविधी कायदा आपल्याकडे नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत दफनभूमी आणि दहनभूमी हा विषय राज्य सूचीत, दहाव्या क्रमांकावर आहे, तर जन्म-मृत्यूची नोंदणी समवर्ती सूचीत आहे. त्यामुळे स्मशानभूमीचा कारभार कोल्हापूर शहरात महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ प्रमाणे महापालिका पाहते आणि गावांत ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे ग्रामपंचायत पाहते. मृत्यूची नोंद मात्र केंद्राच्या जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ प्रमाणे होते. स्मशानभूमीतील वहीत नाव लागले म्हणजे मृत्यूची नोंद झाली, असा जो समज अनेक घरांत असतो, तो चुकीचा आहे. या दोन वेगळ्या नोंदी आहेत आणि दुसरी नोंद नसेल तर पुढे बँकेपासून सातबाऱ्यापर्यंत सगळीकडे अडते.

पहिला टप्पा : डॉक्टरांचा कागद

मृत्यू रुग्णालयात झाला असेल तर काम बरेच सोपे असते. मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र, म्हणजे नमुना ४, रुग्णालयाने भरायचे असते आणि निबंधकाला, म्हणजे जन्म-मृत्यूची सरकारी नोंद ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला, मृत्यूची माहिती कळवण्याची जबाबदारीही रुग्णालयाच्या प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्यावरच असते. २०२३ च्या दुरुस्तीनंतर, जी १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आली, हे प्रमाणपत्र निबंधकाकडे पाठवून त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला देणे रुग्णालयांवर बंधनकारक आहे. नातेवाइकांनी मृताचे पूर्ण नाव, वय, कायमचा पत्ता, आई-वडिलांची व पती किंवा पत्नीची नावे आधार कार्डावर आहेत तशीच लिहून द्यावीत. दुःखाच्या भरात हा तपशील कोणीतरी दूरचा नातलग अंदाजाने सांगतो आणि नंतर घरच्यांना दुरुस्तीसाठी हेलपाटे घालावे लागतात. बिल थकले म्हणून मृतदेह अडवून ठेवण्याचा प्रकार घडला, तर राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्क सनदेत मृतदेह ताब्यात मिळण्याचा हक्क स्पष्टपणे दिलेला आहे, हे शांतपणे पण लेखी दाखवून द्यावे. बिलाचा वाद नंतरही सोडवता येतो.

खरी अडचण घरी झालेल्या मृत्यूच्या वेळी येते. अशा वेळी शेवटच्या आजारपणात ज्या डॉक्टरांनी उपचार केले, त्यांनी नमुना ४-अ मध्ये मृत्यूचे कारण लिहून द्यायचे असते आणि या प्रमाणपत्रासाठी शुल्क आकारू नये, असे कायद्यातच म्हटले आहे. घरी येऊन तपासण्याची फी हा वेगळा विषय आहे. ज्या डॉक्टरांनी रुग्णाला कधी पाहिलेलेच नाही, ते मृत्यूचे कारण लिहून देण्यास कचरतात आणि त्यात त्यांची चूक नाही. गावाकडून वयस्कर आई-वडिलांना कोल्हापुरात आणून ठेवणाऱ्या कुटुंबांना येथेच धक्का बसतो, कारण रुग्णाची सगळी माहिती गावच्या डॉक्टरांकडे असते आणि येथे त्यांना ओळखणारे कोणी नसते. म्हणून नव्या शहरात आल्यावर जवळच्या एका डॉक्टरांकडे वृद्धांना अधूनमधून दाखवत राहणे आणि जुने केसपेपर, औषधांच्या चिठ्ठ्या, तपासण्यांचे अहवाल एका पिशवीत हाताशी ठेवणे, हे कोणत्याही अर्जापेक्षा उपयोगी पडते. अतिदक्षता विभागातून ‘आता घरी न्या’ असे सांगून रुग्ण घरी आणला असेल, तर डिस्चार्ज कार्ड न विसरता घ्यावे. त्यावरील निदानाच्या आधारेच घरी येणारे डॉक्टर पुढचा कागद लिहून देऊ शकतात.

रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच मृत्यू झाला असेल आणि कारण स्पष्ट नसेल, तर तेथील डॉक्टर प्रमाणपत्र न देता पोलिसांना कळवतात. नातेवाइकांना हा आपल्यावरचा संशय वाटतो. प्रत्यक्षात तो नेहमीच्या पद्धतीचा भाग असतो.

दुसरा टप्पा : पोलिसांना कळवायचे की नाही

या टप्प्यावर सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून येथे थोडे थांबावे लागेल. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३, जी १ जुलै २०२४ पासून लागू झाली, तिच्या कलम १९४ प्रमाणे आत्महत्या, दुसऱ्या माणसाकडून, प्राण्याकडून, यंत्रामुळे किंवा अपघातात झालेला मृत्यू, तसेच ज्यात कोणी गुन्हा केला असावा असा रास्त संशय येतो असा मृत्यू, यांची चौकशी पोलिसांनी करायची असते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम १७४ होते आणि अनेक जण अजून तोच आकडा सांगतात. पोलीस परिसरातील दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमक्ष पंचनामा करतात, अकस्मात मृत्यूची नोंद घेतात आणि आवश्यक वाटल्यास मृतदेह शवविच्छेदनासाठी पाठवतात. विवाहाला सात वर्षे पूर्ण होण्याआधी स्त्रीने आत्महत्या केली असेल, तिचा मृत्यू संशयास्पद असेल किंवा त्या मुदतीतील मृत्यूबाबत तिच्या नातेवाइकाने तशी मागणी केली असेल, तर शवविच्छेदनाबाबत कायदा अधिक काटेकोर आहे. अशा प्रसंगी माहेरच्यांना कळवण्यापूर्वी अंत्यविधीची घाई करणे सर्वस्वी अयोग्य होय.

आपल्या भागातील उदाहरणे पाहू. शेतात मोटर सुरू करताना विजेचा धक्का बसणे, उसाच्या फडात सर्पदंश होणे, ट्रॅक्टर-ट्रॉली उलटणे, विहिरीत किंवा नदीत बुडणे, शिरोली वा गोकुळ शिरगावच्या एखाद्या कारखान्यात यंत्रात सापडणे, हे सर्व मृत्यू पोलिसांना कळवावेत असेच आहेत, मग त्यात कोणाचा दोष असो वा नसो. घसरून पडल्याने हाड मोडले आणि त्या दुखण्यातच काही आठवड्यांनी वृद्धाचा मृत्यू झाला, तर तोही मुळात अपघातातून आलेला मृत्यू ठरू शकतो. तेव्हा उपचार करणाऱ्या डॉक्टरांना हे आधीच विचारून घ्यावे. ‘साप चावला, सगळ्या गावाने पाहिले, आता कशाला फाडाफाडी’ असे म्हणून परस्पर अग्नी देणारी घरे अजूनही आहेत. त्यांचे दुहेरी नुकसान होते : एकीकडे चौकशी टाळल्याचा ठपका येऊ शकतो आणि दुसरीकडे विम्याचा दावा लंगडा पडतो. राज्य सरकारच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यूसाठी दोन लाख रुपयांचे साहाय्य आहे आणि त्यात सर्पदंशही धरला जातो; पण पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल नसेल तर अपघात सिद्ध करायचा कशाने?

मृत्यूमागे गुन्हा आहे हे ठाऊक असताना पुरावा नाहीसा करण्याच्या हेतूने दहन केले, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ प्रमाणे तो स्वतंत्र गुन्हा ठरतो. गावात अशा मृत्यूची खबर देण्याची पहिली जबाबदारी पोलीस पाटलांवर असते. म्हणून खेड्यात मृत्यू घडला आणि मनात थोडीही शंका असेल, तर आधी पोलीस पाटलांना बोलवावे व मग पुढची तयारी करावी.

जिल्ह्यातील अनेक अपघातग्रस्त कोल्हापुरातील छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या सीपीआरमध्ये आणले जातात. अपघात शाहूवाडीत आणि मृत्यू सीपीआरमध्ये, असे झाल्यास नोंद रुग्णालयातील पोलीस चौकीत होऊन कागद संबंधित ठाण्याकडे वर्ग होतात. नातेवाइकांनी मृतदेह ताब्यात घेण्यासाठी मूळ गावच्या ठाण्याकडे धाव घेण्याची गरज सहसा नसते. सूर्यास्तानंतर शवविच्छेदन होत नाही, हा नियमही आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये सुविधा असलेल्या रुग्णालयांना रात्री शवविच्छेदन करण्याची मुभा दिली. मात्र खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेला मृतदेह आणि घातपाताचा संशय ही प्रकरणे, कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न नसेल तर, रात्री घेतली जात नाहीत. शवविच्छेदन झाल्यावर मृतदेह ताब्यात दिल्याची पोलिसांची पावती जपून ठेवावी, कारण अशा प्रकरणात स्मशानभूमीत तीच दाखवावी लागते. पोलीस किंवा न्यायालयीन कोठडीतील मृत्यूची चौकशी दंडाधिकारी करतात. तो विषय वेगळा असून त्यात वकिलाचा सल्ला लगेच घ्यावा.

तिसरा टप्पा : जागा

महापालिका हद्दीत दहन किंवा दफन केवळ नोंदणीकृत जागीच करता येते. नवी स्मशानभूमी किंवा दफनभूमी आयुक्तांच्या परवानगीशिवाय सुरू करता येत नाही, आणि स्वतःच्या मालकीच्या प्लॉटमध्ये वा बंगल्याच्या आवारात दफन करता येत नाही. कोल्हापुरात पंचगंगा स्मशानभूमी ही मुख्य आहे. त्याशिवाय कसबा बावडा, कदमवाडी आणि बापट कॅम्प येथे महापालिकेच्या स्मशानभूमी आहेत. बाहेरून आलेल्यांना आश्चर्य वाटते ते याचे, की येथे महापालिका दहनासाठी पैसे घेत नाही. लाकूड आणि शेणी, म्हणजे गोवऱ्या, ती पुरवते. त्यामागे शहराचा हातभारही आहे : होळीला शेणी जाळण्याऐवजी त्या स्मशानभूमीला दान करण्याची पद्धत अनेक तालमी व मंडळांनी रुजवली आहे. त्यामुळे कोणी ‘सगळे मिळून एवढे होतील’ असे म्हणत रक्कम सांगू लागला, तर आधी स्मशानभूमीतील महापालिकेच्या कर्मचाऱ्याशीच बोलावे.

पावसाळ्यात एक गोष्ट आधी विचारून घ्यावी. पंचगंगा स्मशानभूमी नदीकाठी असल्याने मोठ्या पुरात ती पाण्याखाली जाते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शहराने ते पाहिले आहे. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट धरली जाते. पाणी या आकड्यांच्या आसपास असेल, तर तिरडी उचलण्यापूर्वी महापालिकेत चौकशी करून कोणत्या स्मशानभूमीत न्यायचे ते ठरवावे.

गावांत जागा बहुधा गायरान किंवा सरकारी जमिनीतील असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ प्रमाणे जिल्हाधिकारी दहन-दफनासाठी जमीन राखून ठेवू शकतात आणि तिची देखभाल ग्रामपंचायत करते. स्वतःच्या शेतात दहन करण्याची चाल काही गावांत आहे. ती आहे म्हणून नियम नाहीत असे समजू नये : ग्रामपंचायतीला आधी कळवावे, पाणवठा, वस्ती व रस्ता यांपासून दूर जागा निवडावी आणि शेत सामाईक असेल तर इतर खातेदारांची संमती घ्यावी. त्या जागी पुढे समाधीचे पक्के बांधकाम करायचे असेल, तर बांधकामाची परवानगी वेगळी लागते. भाऊबंदकीचे कितीतरी दावे अशा एका चौथऱ्यापासून सुरू झालेले आहेत.

दफन करणाऱ्या समाजांसाठी व्यवस्था वेगवेगळ्या आहेत. मुस्लिम समाजाची कब्रस्तान, ज्यांत शहरातील बागल चौकाचे कब्रस्तान सर्वांना माहीत आहे, ख्रिस्ती समाजाच्या दफनभूमी, तसेच लिंगायत समाजाच्या रुद्रभूमी यांचा कारभार बहुतेक ठिकाणी त्या त्या समाजाचे विश्वस्त, जमात किंवा चर्च पाहते. लिंगायत पद्धतीत देह बसलेल्या स्थितीत पुरला जातो, म्हणून खड्ड्याचे माप वेगळे लागते आणि त्यासाठी खोदणाऱ्यांना आधी कळवावे लागते. नव्याने आलेल्या कुटुंबाने आपल्या समाजाच्या येथील संस्थेशी जिवंतपणीच ओळख करून ठेवणे हिताचे असते, कारण काही दफनभूमींत जागेची टंचाई असून स्थानिक सभासदांना आधी जागा देण्याचा प्रघात असतो.

मात्र सार्वजनिक स्मशानभूमीत जातीवरून अडवणे हा प्रघात नव्हे, गुन्हा आहे. नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ च्या कलम ४ मध्ये स्मशानभूमी आणि दफनभूमी यांचा उल्लेख आहे, आणि अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ मध्येही अशा अडवणुकीसाठी शिक्षा सांगितली आहे. शाहू महाराजांच्या या जिल्ह्यात हे लिहावे लागू नये असे वाटते. परंतु गावोगावी जातवार स्मशाने अजून आहेत आणि रस्त्यावरून अंत्ययात्रा नेण्यावरून होणारे वादही संपलेले नाहीत. असा प्रसंग आला तर मृतदेह घेऊन तेथेच वाद घालत बसण्यापेक्षा एकाच वेळी पोलीस ठाणे आणि तहसीलदार यांना लेखी कळवावे. त्या दिवशीचा अंत्यविधी पार पाडून देणे ही प्रशासनाची जबाबदारी आहे आणि तक्रार नंतर सविस्तर नोंदवता येते.

धर्मानुसार वेगळ्या जागा असणे मात्र बेकायदेशीर नाही, आणि गावात आपल्या धर्माची दफनभूमीच नसेल तर काय, हा प्रश्न न्यायालयांनाही अवघड गेला आहे. छत्तीसगडमधील एका ख्रिस्ती कुटुंबाला आपल्या वडिलांना गावातच पुरायचे होते. या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे २७ जानेवारी २०२५ रोजी एकमत झाले नाही : एकाने कुटुंबाच्या खासगी जमिनीत दफनाला मान्यता दिली, दुसऱ्याने ठरवून दिलेल्या दफनभूमीचा आग्रह धरला, आणि मृतदेह सुमारे तीन आठवडे शवागृहात असल्याने अखेर दुसऱ्या गावच्या ख्रिस्ती दफनभूमीत दफन करण्याचा आदेश झाला. मृतदेहाच्या सन्मानाबद्दल मात्र न्यायालयात मतभेद नाही. १९९५ च्या परमानंद कटारा प्रकरणापासून घटनेच्या कलम २१ मधील प्रतिष्ठेचा हक्क मृत्यूनंतरही मान्य झालेला आहे, आणि २००२ मध्ये बेघर मृतांनाही त्यांच्या धर्मानुसार अंत्यविधी मिळावा असे न्यायालयाने सांगितले. भाड्याच्या खोलीत एकट्या राहणाऱ्या कामगाराचा मृत्यू झाला आणि नातलग सापडत नसतील, तर घरमालकाने परस्पर काही न करता पोलिसांना कळवावे. ओळख पटवण्याचा प्रयत्न आणि त्यानंतरचा अंत्यविधी हे काम यंत्रणेचे आहे.

प्रत्यक्ष अंत्यविधीच्या वेळी

स्मशानभूमीत मृताचे व आणणाऱ्याचे नाव-पत्ता, ओळखपत्राची प्रत आणि डॉक्टरांचा किंवा पोलिसांचा कागद दिला की वहीत नोंद होते. तेथून मिळणारी पावती किंवा दाखला मूळ स्वरूपात जपावा आणि त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. मृताच्या छातीत पेसमेकर बसवलेला असेल, तर दहनापूर्वी तो काढून घेण्यास डॉक्टरांना अवश्य सांगावे. आगीत त्याच्या बॅटरीचा स्फोट होतो आणि चितेजवळ उभे असलेल्यांना इजा होऊ शकते. दफनात ही अडचण नाही.

कबरीवर किंवा समाधीवर अतिक्रमण करणे, अंत्यविधीत अडथळा आणणे आणि मृतदेहाची विटंबना करणे हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ प्रमाणे एक वर्षापर्यंतच्या कैदेस पात्र आहे. पुरलेला देह नातेवाइकांना आपल्या इच्छेने पुन्हा उकरता येत नाही. मृत्यूच्या कारणाचा शोध घेण्यासाठी दंडाधिकारी तसा आदेश देऊ शकतात आणि ते काम त्यांच्या देखरेखीखाली होते.

लहान मुलांच्या बाबतीत नोंदणीचा एक बारकावा बहुतेकांना माहीत नसतो. बाळ जिवंत जन्मून काही क्षणांतच गेले, तरी जन्म आणि मृत्यू या दोन्ही नोंदी कराव्या लागतात. २८ आठवड्यांनंतर मृतावस्थेत जन्मलेल्या बाळाची नोंद मृतजन्म म्हणून वेगळ्या नमुन्यात होते आणि तिला मृत्यूचा दाखला नसतो. लहान बाळांचे बहुतेक समाजांत दफनच होते. त्यासाठीही नेमून दिलेली जागाच वापरावी, नदीकाठची कोणतीही मोकळी जागा नव्हे.

बाहेरगावी नेणे, बाहेरून आणणे

कोल्हापुरात उपचारासाठी आलेले रुग्ण कोकणातून, सांगलीकडून आणि सीमेपलीकडच्या बेळगाव भागातून येतात, त्यामुळे मृतदेह गावी नेण्याचा प्रसंग नेहमीचा आहे. रस्त्याने नेताना रुग्णालयाचे मृत्यूविषयीचे पत्र व कारणाचे प्रमाणपत्र, आणि पोलिसांचा संबंध आलेला असेल तर त्यांचा मृतदेह ताब्यात दिल्याचा कागद, एवढे गाडीत असावे. मृत्यूची नोंद मात्र कोल्हापुरातच होईल, कारण मृत्यू जेथे घडला तेथील निबंधकाकडे नोंद होते, मृताच्या राहत्या गावी नव्हे. गावी अंत्यविधी झाला म्हणून ग्रामपंचायतीकडे दाखला मागणारे रिकाम्या हाताने परततात, ते याच कारणाने. धावत्या वाहनात मृत्यू झाला तर ते वाहन पहिल्यांदा जेथे थांबेल, ते ठिकाण नोंदणीसाठी धरले जाते.

विमानाने नेताना मृत्यूच्या कागदाबरोबरच देह टिकवण्यासाठी केलेल्या रासायनिक प्रक्रियेचे प्रमाणपत्र, बंद पेटीचे प्रमाणपत्र आणि पोलिसांचे ना-हरकत पत्र लागते. परदेशातून मृतदेह आणायचा असेल तर तेथील मृत्यूचा दाखला, भारतीय दूतावासाचे ना-हरकत पत्र आणि रद्द केलेले पारपत्र यांची भर पडते, आणि विमानतळाच्या आरोग्य अधिकाऱ्याला आगाऊ कळवावे लागते. तेथेच अंत्यविधी करायचा झाल्यास त्या देशाचा कायदा लागू होतो, हे कोल्हापूरइतके जुन्या काळापासून फार थोड्या शहरांना ठाऊक असेल : इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये निधन पावलेल्या तरुण राजाराम महाराजांच्या दहनासाठी तेथील अधिकाऱ्यांची खास परवानगी काढावी लागली होती, आणि आर्नो नदीच्या काठी जेथे दहन झाले तेथे त्यांचे स्मारक आजही उभे आहे.

रक्षा आणि देहदान

रक्षाविसर्जनासाठी परवान्याची गरज नसते. परंतु नदीत घाण टाकण्यास जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ मनाई करतो, आणि पंचगंगेचे प्रदूषण हा आधीच न्यायालयापर्यंत गेलेला विषय आहे. कपडे, गादी, प्लास्टिक, हार हे तर पाण्यात मुळीच सोडू नयेत. जिल्ह्यातील अनेक कुटुंबे आता रक्षा शेतात मिसळून तेथे झाड लावतात. कायद्याच्या आणि नदीच्या दृष्टीनेही हा मार्ग मला अधिक सरळ वाटतो.

देहदानाला राज्यात १९४९ चा शरीररचनाशास्त्र अधिनियम लागू आहे. कोल्हापुरात राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्यासाठी संमतीपत्र भरता येते. जिवंतपणी संमती दिली तरी मृत्यूनंतर कळवण्याचे काम घरच्यांचेच असते, म्हणून त्यांना न सांगता भरलेले संमतीपत्र बहुधा कपाटातच राहते. शवविच्छेदन झालेले किंवा पोलीस चौकशीत असलेले देह सहसा स्वीकारले जात नाहीत. नेत्रदान मात्र वेगळे : ते मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत व्हावे लागते आणि त्यानंतर नेहमीप्रमाणे अंत्यविधी करता येतो. देहदान झाले तरी मृत्यूची नोंद करावीच लागते.

शेवटचा टप्पा : मृत्यूची नोंद आणि दाखला

मृत्यूपासून २१ दिवसांच्या आत नोंद करावी. या मुदतीत शुल्क नसते. घरी झालेल्या मृत्यूची माहिती कुटुंबप्रमुखाने किंवा त्यांच्या अनुपस्थितीत घरातील जवळच्या नातलगाने द्यायची असते. शहरात हे काम महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात होते आणि गावात ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, निबंधक असतात. डॉक्टरांचे प्रमाणपत्र, स्मशानभूमीचा किंवा दफनभूमीचा दाखला, मृताचे व माहिती देणाऱ्याचे ओळखपत्र एवढे बरोबर न्यावे. २१ दिवस उलटले तर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंद होते. ३० दिवसांनंतर एक वर्षापर्यंत सक्षम अधिकाऱ्याची लेखी परवानगी आणि स्वसाक्षांकित कागद लागतो. एक वर्षानंतर जिल्हाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यासाठी प्राधिकृत केलेले कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश घ्यावा लागतो. पूर्वी हा आदेश न्यायालयातून आणावा लागे. २०२३ च्या दुरुस्तीने ते बदलले. चार-पाच वर्षांपूर्वीच्या मृत्यूची नोंद राहून गेली असेल तर स्मशानभूमीची जुनी पावती, रुग्णालयाचे कागद आणि पोलीस पाटलांचा दाखला शोधून ठेवावेत, कारण त्या मृत्यूची खातरजमा यांवरच होते.

दाखला हातात आल्यावर खिडकीवरून हलण्याआधी नाव, तारीख, ठिकाण आणि लिंग वाचून घ्यावे. नोंदीतील चूक निबंधकाला दुरुस्त करता येते. मूळ नोंद न खोडता समासात तशी टीप घातली जाते आणि त्यासाठी पुराव्याचा कागद द्यावा लागतो. दाखल्यात मृत्यूचे कारण छापलेले नसते आणि ते इतरांना उघड करण्यास कायद्याने मनाई आहे. म्हणून विमा कंपनीने कारण विचारले तर डॉक्टरांच्या प्रमाणपत्राची प्रत वेगळी जोडावी. वाडवडिलांच्या नावावर शेती असेल तर वारसाहक्काने मिळालेल्या हक्काची माहिती तीन महिन्यांत तलाठ्याकडे द्यायची असते, तेव्हा दाखल्याच्या दोन-चार प्रती सुरुवातीलाच घेतलेल्या बऱ्या.

महापुरात वाहून गेलेल्या आणि न सापडलेल्या माणसाचा दाखला या मार्गाने मिळत नाही. त्याच्यासाठी प्रथम पोलिसांत बेपत्ता असल्याची नोंद करावी लागते. जो माणूस जिवंत असता तर ज्यांच्या कानावर त्याची खबर साहजिकच आली असती, अशांना सात वर्षे त्याच्याबद्दल काहीच कळले नाही, तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १११ च्या आधारे दिवाणी न्यायालयाकडून त्याला मृत मानण्याचा हुकूमनामा मिळवता येतो, आणि निबंधकाकडे मृत्यूच्या नोंदीसाठी अर्ज करताना तो हुकूमनामा जोडावा लागतो.